प्रमिलाबाई कोण?

"काकू आल्यात," हेरंब म्हणाला. "पहिल्या रांगेत बसल्यात. आणि एकट्या नाहीत, बरोबर अजून एक बाई आहे."

मी मेकअप रूममध्ये दोन्ही हात वर करून उभा होतो आणि ड्रेसदादा माझ्या साडीच्या निऱ्या खोचत होते. डोक्यावर अंबाड्याचा विग, कपाळाला टिकली, नाकावरून घसरणारा चष्मा असा सगळा थाट झाला होता.

"कुठल्या काकू?" मी विचारलं. विचारायची काहीच गरज नव्हती. आमच्या दोघांच्या आयुष्यात काकू म्हणाव्यात अशा काकू एकच होत्या.

"गुप्ते काकू. आपल्या."

"श्वास सोडा," ड्रेसदादा म्हणाले, "निऱ्या बसत नाहीत."

श्वास मी केव्हाच सोडला होता. परत घ्यायचा तेवढा राहिला होता.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मालिकांमधले सासरे करता करता मी स्वतः सासऱ्याच्या वयाला यायला लागलोय, पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, उदगीरचा वैजनाथ शेटकार होतो. स्टँडअप हा शब्द आपल्याकडे अजून रुळला नव्हता. लोक एकपात्री म्हणत, नाहीतर सरळ 'नकला करतो' म्हणत आणि त्या म्हणण्यात पुढचं 'बाकी काय करतो?' आलेलंच असे. वडिलांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं. गादीवर माझी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती आणि दर फोनला ते तिची आठवण करून देत.

हेरंब सावे पालघरचा. स्किटमध्ये तो माझा जोडीदार, आणि ठाण्यात इंदुमती गुप्ते काकूंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात होती. काकूंच्या घरी शनिवार-सोमवार सोडला तर प्रत्येक भाजीत सोडे नाहीतर कोळंबी. मी लिंगायत, पक्का शाकाहारी. काकूंनी पहिल्याच दिवशी माझं नाव-गाव विचारलं, "बरं" म्हणाल्या, आणि एक वेगळी कढई काढली. तिला त्यांनी तीन वर्षांत दुसरं काही लागू दिलं नाही. त्याचा कधी उच्चारही केला नाही. मला ते हेरंबकडून कळलं.

अशा बाईशी मी काय केलं, तर तिची नक्कल.

त्याआधी मी पुढाऱ्यांच्या नकला करायचो. त्या सगळेच करत. टीव्हीवरच्या एका विनोदी स्पर्धेत दोन फेऱ्या मी कसाबसा तरलो आणि तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे नवं काहीही नव्हतं. दुपारी काकूंनी वालाच्या बिरड्याची चव घेतली. म्हणजे डावाच्या टोकानं चार थेंब तळहातावर घेतले, चाटले, डोळे मिटले, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे नेली आणि एखाद्याला शिक्षा सुनवावी तशा शेजारणीला म्हणाल्या, "छान झालंय. मीठ राहिलंय, की मुद्दाम कमी घातलंयस?" बिरडं शेजारणीनं आणून दिलेलं होतं. मी तिथेच बसल्या जागी वही काढली.

तसं पाहिलं तर काकू म्हणजे खाण होती. काही बोलायच्या आधी त्या म्हणत, "माझं काही म्हणणं नाही," आणि मग दहा मिनिटं म्हणत राहत. चष्मा पदरानं पुसून उजेडाकडे धरत, त्यातून आरपार आपल्याकडे बघत आणि परत पुसत. कुणाच्याही घरी गेल्या की भिंतीवरची तसबीर सरळ करत, मग ती मुळात सरळ असली तरी. मी हे सगळं उचललं, प्रमिलाबाई नावाची बाई उभी केली आणि तिसऱ्या फेरीत लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. कार्यक्रमाच्या दिग्दर्शक मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यातल्या फेरीत परत कर. जमलं तर प्रमिलाबाईला वर्षभर दर गुरुवारी स्वतःची जागा. नाही जमलं, तर मात्र आपण इथेच थांबू." नाही जमलं, तर उदगीरची गादी होतीच.

काकूंना मी अर्थातच काही बोललो नाही. गुरुवारी त्या वेळी त्यांची एक मालिका दुसऱ्या चॅनेलवर असे, ती त्या चुकवत नसत. महिनाभर त्यांनी विषय काढला नाही, तेव्हा मी धरून चाललो की पाहिलेलं नाही. आणि आज त्या पहिल्या रांगेत.

"पास कुणी दिला त्यांना?" मी विचारलं.

हेरंब खिडकीबाहेर बघायला लागला. "दोन मागितले त्यांनी. मला वाटलं शेजारच्यांसाठी असतील. वैजू, तू ऐक माझं. बाईची मास्तरीण कर. खेड्यातली. छडी घे हातात."

"दहा मिनिटांत?"

"मग काकूंचं काकूपण काढ तेवढं. बाकी ठेव."

मी तेच केलं. रंगमंचावर गेलो आणि पहिल्या रांगेकडे न बघता प्रमिलाबाई सुरू केली. चव घेतली नाही, चष्मा पुसला नाही, 'माझं काही म्हणणं नाही' गिळून टाकलं. उरला फक्त साडी नेसलेला एक पुरुष, आणि साडी नेसलेल्या पुरुषाला लोक फार तर दीड मिनिट हसतात. त्यानंतर सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी खोकलं. हेरंबनं मला दोनदा वाक्य दिलं आणि दोन्ही वेळा ते माझ्या हातून खाली पडलं.

"कट," मॅडमचा आवाज आला. "पंधरा मिनिटं ब्रेक. वैजनाथ, पाणी पी. परत घेऊ, पण एकदाच."

मेकअप रूममध्ये येऊन मी विग काढला आणि टेबलावर ठेवला. उदगीरला जायची गाडी किती वाजता असते ते आठवायला लागलो. तेवढ्यात दार उघडलं आणि काकू आत आल्या. दारावर माणूस होता, आत कुणाला सोडायचं नाही अशी सक्त ताकीद होती, पण काकूंना दारावरची माणसं कधी अडवू शकलेली मी पाहिलेली नाहीत. नंतर कळलं, की त्यांनी त्याचा डबा उघडून बघितला होता आणि भाजीत गूळ घालत जा म्हणून सांगितलं होतं.

"माझं काही म्हणणं नाही," काकू म्हणाल्या. "पण हे काय चाललंय तुझं?"

मी उभा राहिलो. साडीत पाय अडकून परत बसलो.

"बरं नाहीये का? तोंड उतरलंय. आणि ते चव घ्यायचं कुठे गेलं? चष्म्याचं कुठे गेलं? गेल्या वेळी केलं होतंस ते सगळं खाल्लंस की रे."

"काकू," माझा आवाज प्रमिलाबाईपेक्षा बारीक निघाला, "तुम्ही गेल्या वेळचं पाहिलंत?"

"रविवारी दुपारी परत दाखवतात ना. दोन वेळा पाहिलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलायचं काय त्यात? हुबेहूब आमची नलू. फक्त तू नलूला पाहिलंस कुठे, तेवढं मला कळेना."

हेरंबनं आरशाभोवतीचे दिवे मोजायला घेतले. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. नलू म्हणजे नलिनीबाई, काकूंची धाकटी जाऊ. राहायला मुलुंडला. ठाणे आणि मुलुंड यांच्यामधलं अंतर गेल्या अकरा वर्षांत त्या घरातल्या कुणाला पार करता आलं नव्हतं. कारण होतं खाजाचे कानवले. एका दिवाळीला काकूंनी ते केले, पापुद्रा न् पापुद्रा सुटा असे, आणि पंचवीस माणसांदेखत नलिनीबाईंनी विचारलं, "वहिनी, यंदा फार सुबक झालेत हो. कुठून आणले?" तेव्हापासून नलू हे नाव त्या घरात फक्त कपाळाला आठी घालून घेतलं जाई.

"मी तिला फोन केला," काकू म्हणाल्या.

"नलिनीबाईंना? अकरा वर्षांनी?"

"मग? म्हटलं, नलू, टीव्हीवर आलीयस तू. रविवारी दुपारी बघ. तिनं बघितलं आणि उलट मला फोन करून म्हणते कशी, वहिनी, ही तर तुम्ही. सव्वा तास बोलत होतो आम्ही. ती म्हणते तुम्ही, मी म्हणते तू. शेवटी म्हटलं, चल, समोर बसून बघू आणि त्यालाच विचारू. ती बसलीय बाहेर. आणि तू हे असलं गुळमुळीत काहीतरी करतोयस. मी तिला दाखवू काय?"

त्यांनी टेबलावरचा विग उचलला, झटकला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. अंबाडा जरा वर घेतला. मग दोन पावलं मागे सरून बघितलं आणि परत खाली घेतला.

"नीट कर," त्या म्हणाल्या. "हातचं राखू नकोस."

त्या गेल्यावर हेरंबनं दार लावलं. "सुटलास," तो म्हणाला. "सांग नलिनीबाई म्हणून. काकू खूष, घर शाबूत, विषय संपला."

मलाही तसंच वाटलं. ते वाटणं कितपत टिकणार याचा विचार करायला वेळ नव्हता.

दुसऱ्या वेळेला मी हातचं राखलं नाही. तळहात पुढे केला, डावानं थेंब घेतले, चाटले, डोळे मिटले. मान डावीकडे गेली आणि उजवीकडे यायच्या आत सभागृह फुटलं. डोळे उघडून मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. काकू नलिनीबाईंच्या दंडाला कोपरानं ढोसत होत्या आणि बोट त्यांच्याकडे दाखवत होत्या. नलिनीबाई म्हणजे गोरी, ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. त्या बोट काकूंकडे दाखवत होत्या. चष्मा पुसला, तेव्हा दोघींनी एकमेकींना धरून हलवलं. तसबीर सरळ केली, तेव्हा नलिनीबाई उठून उभ्या राहिल्या आणि मागच्या रांगेला हात करून काकूंची ओळखच करून द्यायला लागल्या. मागचे लोक कधी माझ्याकडे बघत, कधी त्या दोघींकडे, आणि एक कॅमेरा तर माझ्याकडून वळून त्यांच्याकडेच गेला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. इतका आनंद मला रंगमंचावर त्याआधी कधी झाला नव्हता. पाच मिनिटांचं स्किट अकरा मिनिटं चाललं आणि मॅडमनी कट म्हटलं नाही.

नंतर त्या स्वतः खाली आल्या. "वर्षभर," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी. उद्या येऊन भेट." मी मान हलवली असणार. माझं लक्ष त्यांच्या खांद्यावरून मागे होतं, कारण दोघी जावा पदर खोचून माझ्याच दिशेनं येत होत्या.

मेकअप रूममध्ये दोनच खुर्च्या होत्या. दोघींपैकी कुणीही बसलं नाही.

"हं," काकू म्हणाल्या. "सांग आता. प्रमिलाबाई कोण?"

"खरं सांगा हं," नलिनीबाई म्हणाल्या. "मोठ्या आहेत म्हणून यांची भीड धरू नका."

हेरंबनं त्यांच्या मागून मला खूण केली. ओठ हलवून नाव सांगितलं. सोपं होतं. नलिनीबाई म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी तोंड उघडलंही. पण समोर ती बाई अकरा वर्षांनी मुलुंडहून आलेली, हसून हसून तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं. तिच्यावर खोटं नाव लादून तिला परत पाठवायचं कसं? 'कुणीच नाही, मनानं रचली' म्हणणंही जमलं असतं. पण मला ती कढई आठवली. नक्कल करून पोट भरायचं आणि ती कुणाची हे विचारल्यावर मान खाली घालायची, हे मला माझंच आवडेना.

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही."

नलिनीबाई जिंकल्या होत्या, पण त्या काकूंकडेच बघत होत्या. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, दिव्याकडे धरला आणि त्यातून आरपार माझ्याकडे बघितलं. ज्या गोष्टीसाठी मला मघाशी टाळ्या पडल्या होत्या, ती माझ्यासमोर होत होती आणि मला घाम फुटला होता.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मीच ती. पहिल्या रविवारी, चष्मा पुसलास तेव्हाच कळलं. मी काय बावळट आहे?"

"अहो वहिनी," नलिनीबाई म्हणाल्या, "मग मला फोन करून कशाला सांगितलंत, तू म्हणून?"

"मग काय सांगून फोन करायचा होता? कानवल्यांचं काढून?" काकूंनी चष्मा परत चढवला. "थोरलीनं आपणहून फोन करायचा, तर हातात काहीतरी कारण नको? अकरा वर्षं शोधत होते. हे बरं सापडलं."

नलिनीबाई खुर्चीवर बसल्या. हातातल्या रुमालाची घडी घातली.

"कानवले तुमचेच होते," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच माहीत होतं."

"मग विचारलंस कशाला तसं? पंचवीस माणसांत?"

"माझे तेलात फुटले होते, वहिनी. सगळेच्या सगळे."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "फुटले?" त्या म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची ओढून जावेच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "पिठीत तूप जास्त झालं असणार. अगं, मग तेव्हाच सांगायचंस. मी माझ्यातले अर्धे दिले असते, कुणाला कळलं असतं?"

त्यानंतर दोघी हसल्या की रडल्या हे मला नीटसं सांगता येणार नाही. हेरंब चहा सांगायला गेला आणि चार ऐवजी सहा कप घेऊन आला.

"पण एक सांगते," नलिनीबाई नाक पुसत म्हणाल्या, "ते चव घ्यायचं तुमचं नाही हं. ते माईंचं." माई म्हणजे दोघींच्या सासूबाई.

"माईंचंच. तुझंही तेच. एका स्वयंपाकघरात उभ्या होतो दोघी, दुसरं येणार कुठून?"

"मी कुठे करते तसं?"

"कर बघू."

नलिनीबाईंनी कपातला चहा बशीत घेतला, बशीतले थेंब तळहातावर घेतले. काकूंनीही घेतले. दोघींनी एकदमच चाटले, एकदमच डोळे मिटले आणि दोघींच्या माना एकदमच डावीकडे गेल्या, मग उजवीकडे आल्या. "छान झालाय," काकू म्हणाल्या. "साखर राहिलीय," नलिनीबाई म्हणाल्या, "की मुद्दाम कमी घातलीय?" मी त्या माईंना कधी पाहिलेलं नव्हतं. मी काकूंकडे येण्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या. पण त्या क्षणी त्या खोलीत होत्या, आणि गेला महिनाभर मी त्यांचीच साडी नेसून हिंडत होतो.

"काकू," मी म्हणालो, "राग नाही आला तुम्हाला माझा?"

"आला ना. दोन दिवस आला. तुझ्या आमटीत दोन दिवस मीठ नव्हतं, तू वाटी पुसून खाल्लीस." त्या उठल्या. "आणि फेडही केली मी. येताना रिक्षात नलूला एक नक्कल करून दाखवली. रिक्षावाला गाडी बाजूला घेऊन हसत होता. दाखवू?"

"कुणाची?"

"ते तू सांगायचं."

काकूंनी चष्मा काढून ठेवला. दारापाशी गेल्या, तिथून वळल्या आणि आत येता येता नसलेली पँट दोन्ही हातांनी पोटावर ओढली. चार पावलं चालून थांबल्या. कुणीतरी स्तुती केल्यासारखी मान खाली घातली, उजवा हात उचलून कानाच्या मागे खाजवलं आणि पुटपुटल्या, "नाही हो, काय त्यात." मग मान तशीच खाली ठेवून डोळे तेवढे हळूच वर केले आणि खोलीतल्या एकेकाकडे फिरवले, कोण अजून काही बोललेलं नाही ते बघत. एकावर येऊन ते थांबले. तिथे त्या जरा खाकरल्या आणि परत कान खाजवला.

मी टेबलावर पडून हसलो. विग निसटला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या बारकाईनं कुणी माणूस टिपलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. साठी उलटलेल्या बाईनं मला माझ्याच धंद्यात चारी मुंड्या चीत केलं होतं.

"हेरंब," मी कसंबसं म्हणालो. "हुबेहूब हेरंब."

कुणी हसलं नाही. नलिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. काकू शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"मी कधी रे कान खाजवतो?" हेरंब म्हणाला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की माझा उजवा हात मघापासून कानाच्या मागेच आहे.